भैरवखोऱ्यातल्या एकतीस नोंदी

अमरावतीच्या ज्योत्स्ना गावंडेने चोवीस वर्षांच्या मास्तरकीत दोनशेच्या वर कॉप्या पकडल्या होत्या, आणि त्यातली एकही चिठ्ठी बघून नव्हे. ती पोरांच्या हातांकडे बघतच नसे. कोण नको तितकं ताठ बसलंय, कोण विनाकारण पाणी मागतंय, एवढंच बघायची आणि नेमकी त्याच बाकापाशी जाऊन उभी राहायची. शाळेत तिला मागून 'भरारी पथक' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण अशा बाईची एक पंचाईत असते. घरी आल्यावर नजर काही खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

तरीही नवऱ्यावर तिचा विश्वास होता. मंगेश गावंडे कालव्यांच्या देखभालीच्या ऑफिसात शाखा अभियंता होता. महिन्यातून दोनतीन शनिवार दौरा, बाकी ऑफिस ते घर. तीन वर्षांपूर्वी त्याने तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, तोही मुलीच्या, ऋजुताच्या, डोक्यावर हात ठेवून. वऱ्हाडातल्या माणसाने खर्रा सोडणं म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या बायकोलाच कळतं. जो माणूस असली शपथ पाळतो तो आपल्याशी काय खोटं बोलणार, असा तिचा हिशेब होता.

त्या हिशेबाला फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी तडा गेला, आणि तो एका जंगलामुळे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. सोनंनाणं नको, हॉलमधलं जेवण नको, आपण तिघं भैरवखोऱ्याला जाऊ, असं ज्योत्स्नानेच ठरवलं होतं. तीन अभयारण्यं जोडून सरकारने केलेलं ते नवं राष्ट्रीय उद्यान एवढं मोठं होतं, की एका दारातून दुसऱ्या दाराशी जायला जिप्सीला अख्खा दिवस लागे. मंगेशने नेहमीचं वाक्य ऐकवलं, की जंगलात काय बघायचं, झाडं तर अंगणात आहेत. पंचवीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. ताडोबा झालं नाही, मेळघाट हाताच्या अंतरावर असून झालं नाही. या वेळी तिने त्याला विचारलंच नाही. निदान एकशेवीस दिवस आधी अर्ज करावा लागे, तो तिने जानेवारीतच केला. उद्यानाकडून तीन काड्या आणि तीन नळ्या घरी आल्या. काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीत घालायची, परत पाठवायची. ज्योत्स्नाने आणि सुट्टीवर आलेल्या ऋजुताने लगेच दिली. मंगेश सकाळच्या घाईत होता, तो आपली ऑफिसात घेऊन गेला आणि तिकडूनच टाकतो म्हणाला.

रविवारी उत्तर आलं. अर्जदार तीन. दोन नवे. तिसरा, मंगेश श्रीराम गावंडे, पूर्वीचा. गेल्या चार वर्षांत उद्यानाच्या हवेत त्याच्या एकतीस नोंदी.

तिने ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघरात मंगेश दहीभात खात होता.

आता ही हवेतली नोंद म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ज्योत्स्नालाही ते त्याच दुपारी कळलं. तिने उद्यानाच्या चौकशी क्रमांकावर फोन लावला आणि पलीकडच्या मुलीला वर्गात उभं केल्यासारखे प्रश्न विचारले. मुलगी मात्र हुशार निघाली. तिने सांगितलं, की प्रत्येक जिवाच्या अंगातून सारखं काही ना काही झडत असतं. कातडीची भुकटी, केस, श्वासातला दमटपणा. त्यातल्या पेशींत त्या जिवाची खूण असते, आणि ती दोनचार दिवस हवेत तरंगत राहते. भैरवखोऱ्यात दर दोन किलोमीटरवर खांबाला एक पंखा आणि बारीक जाळी लावलेली आहे. जाळीवर जे अडकतं ते यंत्र वाचतं आणि सांगतं, इथून वाघीण गेली, तिच्याबरोबर दोन पिल्लं होती, अस्वल होतं, मसन्याऊद होता. माणसाने पाऊलही न टाकता जनावरं मोजली जातात.

अडचण एकच होती. हवेत सगळ्यात जास्त झडतो माणूस. एक पर्यटकांची गाडी गेली, की जाळीवर माणसंच माणसं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा नमुना आधी घ्यायचा आणि जाळीवरच्या वाचनातून तो वजा करायचा. उद्यानाभोवतीच्या बफर पट्ट्यातल्या गावकऱ्यांचे नमुने केव्हाच घेतलेले. ज्यांचे नाहीत, म्हणजे पाहुणेरावळे, त्यांना यंत्र नुसता आकडा देतं आणि तो आकडा जपून ठेवतं. पुढे त्या माणसाने कधी नमुना दिला, की आकड्याला नाव लागतं.

"म्हणजे हे आत जाऊन आलेत," ज्योत्स्ना म्हणाली.

"आतच असं नाही मॅडम. सगळ्या नोंदी अठ्ठ्याऐंशी नंबरच्या जाळीवरच्या आहेत. ती सावरटोला गावाला लागून आहे. बहुतेक शनिवार-रविवारच्या."

"यंत्र चुकतं का?"

नमुना नीट असेल तर नाही, असं मुलगी म्हणाली.

शनिवार. ज्योत्स्नाने फोन ठेवला आणि दहीभात खाणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. पण तोंडातून ती अवाक्षर काढणार नव्हती. कॉपी करणाऱ्याला आपण पाहिलंय हे कळू द्यायचं नसतं, नाहीतर तो चिठ्ठी गिळतो.

त्या दिवसापासून तिने नवरा तपासायला घेतला. आणि काय सांगावं, एकदा बघायला लागल्यावर सगळंच दिसायला लागलं. हा माणूस घरी जेवतच नव्हता. पूर्वी ठेचा दिसला की भाकरी वाढवून मागणारा, तो आता वरणभात, दहीभात, दुधात कुस्करलेली पोळी असलं खाऊन उठे आणि पोट बरं नाही म्हणे. कुठेतरी चापून जेवून येत असणार. खिशात बडीशेपेची डबी आली होती. बोलणं कमी झालं होतं. हसायचा तोही ओठ मिटून, जणू हसण्यातून काही सांडेल. रात्री भिंतीकडे तोंड करून झोपे. ती शेवटची जवळ कधी गेली होती आणि त्याने मान कधी वळवली होती, हेही तिला आठवलं आणि रडू आलं. ती नळ सोडून बाथरूममध्ये रडली, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन दुसऱ्या दिवशीच्या पेपरांचा गठ्ठा काढला.

शाळेतल्या कुंदाताई तांबेकरांना तिने 'माझी एक मैत्रीण आहे' अशी सुरुवात करून सगळं सांगितलं. कुंदाताईंनी मैत्रीण कोण ते विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, की असली गोष्ट बाईने डोळ्यांनी पाहावी, नाहीतर जन्मभर मनात घर करून राहते.

मग ज्योत्स्नाने सहल आखायला घेतली, आणि ती अशी आखली जशी परीक्षेच्या केंद्रावर धाड आखतात. उद्यानाला सहा दारं होती. वाघ हमखास दिसायचे ते उत्तरेचं दार तिने सोडलं आणि सावरटोल्याचं घेतलं. शनिवारच घेतला, तोही महिन्यातला दुसरा, कारण सर्वाधिक नोंदी दुसऱ्या शनिवारच्या होत्या. दुपारची फेरी घेतली, म्हणजे त्याआधी गावात हिंडायला अख्खी सकाळ मिळणार. ऋजुताने कुरकुर केली, की आई, त्या दाराला लोकांनी दोनच तारे दिलेत, तिथे फक्त नीलगाई दिसतात. ज्योत्स्ना म्हणाली, नीलगाई मला आवडतात.

मंगेशला दार कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तिने तो पडताना पाहिला. आधी तो म्हणाला, जूनमध्ये ऊन फार असतं. मग म्हणाला, ऑफिसात तपासणी आहे. मे संपता संपता तर त्याने सरळ सांगितलं, की तुम्ही मायलेकी जा, मी दाराबाहेर थांबतो.

"दाराबाहेर कशाला?" तिने विचारलं.

"मला जंगलात गुदमरतं."

तेव्हा तिची खात्रीच पटली. ज्या माणसाला जंगलात गुदमरतं त्याने जंगलाच्या हवेत एकतीस वेळा श्वास सोडलाय. त्या बाईचं नाव काय असेल, ती केवढी असेल, तिला मूल तर नसेल, हे सगळं ज्योत्स्नाने इतक्या वेळा मनात घोळवलं होतं, की आता ती बाई तिच्या ओळखीचीच झाली होती. तिला काय बोलायचं तेही तयार होतं. भांडायचं नाही. फक्त म्हणायचं, मी यांची बायको, आणि ही मुलगी. नुसतं उभं राहायचं. उभं राहिलं की समोरचा आपोआप चिठ्ठी काढून देतो, हा तिचा अनुभव होता.

शनिवारी सकाळी नऊला ते सावरटोल्यात पोचले. तीसचाळीस कौलारू घरं, एक शाळा, मोहाची झाडं आणि गावाच्या टोकाला तो खांब, पंख्याची मंद घरघर करणारा. त्यावर अठ्ठ्याऐंशी आकडा रंगवला होता. मंगेश गाडीतच बसून राहिला. ज्योत्स्ना चहाच्या टपरीवर गेली आणि मालकिणीला मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवला. बाईने फोटो जवळ नेऊन, लांब धरून पाहिला. हे साहेब इकडे कधी आले नाहीत, असं ती म्हणाली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एका म्हाताऱ्याने उलट विचारलं, काहून बाई, हरवला का?

गावच फितूर आहे, असं ज्योत्स्नाच्या मनात आलं. आणि त्याच वेळी तिला पुंडलिक दिसला.

पुंडलिक म्हणजे मंगेशच्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर. सुपारीचं खांडही तोंडात न घालणारा, कपाळाला बुक्का लावणारा साधा माणूस. तो एका घराच्या ओसरीवर लुंगी नेसून आरामात बसला होता. ज्योत्स्नाला पाहून तो असा उठला, की हातातली वाटी खाली पडली.

"मॅडम, तुम्ही? साहेब पण आलेत का जी?"

अस्सं. म्हणजे साहेबांना घेऊन येणारा हा. त्या घरात ती डोकावली, तर आत एक सत्तरीची बाई पापड लाटत होती आणि पुंडलिकची बायको, जिला ज्योत्स्ना दिवाळीला दरवर्षी फराळ देई, तिला मदत करत होती. हे पुंडलिकचं सासर होतं. ज्योत्स्नाला काही उलगडेना. तिने पाणीही घेतलं नाही आणि परत गाडीशी आली. तिच्या मागून पुंडलिक लुंगी सावरत येत होता, आणि गाडीतून मंगेश त्याला डोळ्यांनी जा जा म्हणून खुणावत होता. तेही तिने पाहिलं.

दुपारी दोनला उद्यानाच्या दारावर त्यांची नावं पुकारली. आत जाण्याआधी प्रत्येकाने एका नळकांड्यात फुंकर मारायची आणि यंत्राने ती पाठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहायची, असा तिथला नियम. यंत्रापाशी सोनल मडावी नावाची तंत्रज्ञ मुलगी होती, फार तर पंचविशीची. ऋजुता गेली, हिरवा दिवा. ज्योत्स्ना गेली, हिरवा दिवा. मंगेश मागे मागे राहत होता. शेवटी त्याने फुंकर मारली, तीही अर्धवट, आणि दिवा तांबडा झाला.

सोनलने पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तांबडा. तिने पडद्यावर काही वाचलं आणि म्हणाली, "काका, पाठवलेला नमुना तुमचा नाही. तो दुसऱ्याच कोणाचा आहे."

"मग एकतीस नोंदी?" ज्योत्स्नाने विचारलं.

"त्या त्या दुसऱ्या माणसाच्या. हे काका इथे कधीच आलेले नाहीत."

तेवढ्यात दाराशी येऊन थांबलेला पुंडलिक पुढे झाला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"मॅडम, माझ्यानं आता राहवत नाही. साहेबायची काडी दोन डाव परत आली जी. खर्ऱ्यानं खराब झाली म्हणून. मंग साहेब मले म्हणले, पुंडलिक, तू घाल तोंडात. मी शनिवारी सासरवाडीले येतो, तं त्या नोंदी माह्या हायेत."

मग ज्योत्स्ना हसली. लोक वळून पाहायला लागले इतकी हसली. चार महिने जी बाई तिच्या छातीवर बसली होती, ती नव्हतीच. होता तो चुना-सुपारी घोटलेला खर्रा. तीन वर्षं हा माणूस चोरून खर्रा खात होता, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवलेला, म्हणून कबूल करायची त्याची छाती होत नव्हती. तिला राग आला, पण तो राग कसा हलका होता, घरातला होता. तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. ऋजुता मात्र हसली नाही. ती बापाकडे बघत राहिली, आणि बापाने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"खर्राच ना?" ज्योत्स्ना म्हणाली. "घरी चला, मग बघते तुम्हाला. ताई, आता यांची काडी घ्या आणि सोडा आम्हाला आत. नीलगाई वाट बघतायत."

सोनलने नव्या काडीचं पाकीट फोडलं. मंगेशला खुर्चीत बसवलं, चूळ भरायला लावली आणि तोंड उघडायला सांगितलं. त्याने उघडलं.

"अजून उघडा, काका."

"एवढंच उघडतं," मंगेश म्हणाला.

काडी आत गेली, पण गालापाशी वळेना. सोनलने विजेरी लावून आत पाहिलं, आणि ज्योत्स्नाने त्या मुलीचा चेहरा पाहिला. चेहरे वाचायचा तिला चोवीस वर्षांचा सराव होता. सोनलने काडी हळूच खाली ठेवली. आपली तीन बोटं उभी जुळवून ती तोंडात घालता येतात का, असं तिने मंगेशला विचारलं. त्याने बोटं जुळवली, ओठांपर्यंत नेली. तीन काही जाईनात. दोनही नाहीत. एक बोट गेलं, आणि तेही दातांना घासत.

मग सोनल त्याच्याशी नाही, ज्योत्स्नाशी बोलली. ती हळू आवाजात म्हणाली, की मी डॉक्टर नाही, पण इथे रोज माणसांची तोंडं बघते. सुपारीने आतलं कातडं आवळत जातं, दोरा ओढल्यासारखं. तिखट लागलं की आग होते. तेवढंच असेल तर जिवाला धोका नसतो. पण काकांच्या डाव्या गालात आत एक पांढरा-लाल चट्टा आहे आणि त्याची कड मला बरी दिसत नाही. सोमवारची वाट पाहू नका. नागपूरला कॅन्सरच्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळपर्यंत डॉक्टर असतात, मी आत्ता फोन करून ठेवते.

"एवढी फेरी करून जाऊ," मंगेश म्हणाला. "तुझी किती दिवसांची हौस आहे."

"कधीपासून आहे हे?" ज्योत्स्नाने विचारलं.

"चट्टा दिवाळीपासून. तोंड तर दीड वर्ष झालं उघडत नाही."

दीड वर्ष. ती दीड वर्ष रोज त्याच्या समोर बसून जेवत होती. चार महिने तर तिने त्याचा शर्ट हुंगला होता, बुटांचा तळ पाहिला होता, फोनवरचे नंबर उतरवून घेतले होते. दहीभात पाहिला, बडीशेप पाहिली, मिटलेले ओठ पाहिले, वळवलेली मान पाहिली. सगळं पाहिलं आणि सगळ्याचं एकच उत्तर काढलं. तिला स्वतःची भयंकर चीड आली. तो काही लपवतोय हे तिने बरोबर ओळखलं होतं. काय लपवतोय हे एकदा प्रेमाने विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं, कोण जाणे.

फेरी रद्द केल्याचं तिने सोनलला सांगितलं. जिप्सी त्यांच्याशिवाय सुटली. पुंडलिकने साहेबांची गाडी मी चालवतो म्हटलं, पण ज्योत्स्नाने किल्ली हातातून सोडली नाही. ऋजुता मागे बापाजवळ बसणार होती. तो नको नको म्हणत असता तिने त्याचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला, आणि मग मात्र ती रडली. मंगेशचेही डोळे भरले. पण ज्योत्स्नाने त्याला पुढे बसायला सांगितलं. मला रस्ता दाखवायला कोणी हवं, असं ती म्हणाली, आणि रस्ता सरळच होता.

दहाबारा किलोमीटर कोणी बोललं नाही. मंगेश ओठ मिटून बाहेर बघत होता. तो गप्प बसायला इतका सरावला होता, की त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ज्योत्स्नाला मात्र ती शांतता सोसवेना. आता नागपूरला काय सांगतील, हे तोंड राहील की नाही, आवाज राहील की नाही, हे प्रश्न एकामागून एक तिच्या डोक्यात येत होते.

"बोला काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. खोटं बोललात तरी चालेल. पण बोलत राहा."

मंगेशने तिच्याकडे पाहिलं. मग त्या एवढ्याशा फटीतून, शब्द चावत चावत, तो ऑफिसातल्या नव्या पंपाविषयी सांगू लागला. ती हुं हुं म्हणत गाडी चालवत राहिली.